एनडीएतलं बी.टेक. ‘सोपं’ नसतं

‘खडकवासल्याला परेड जमली की डिग्री आपोआप मिळते’ हा समज जुना आहे आणि चुकीचा आहे. मुळात खडकवासल्याच्या एनडीएत, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत, सगळेच इंजिनिअर होत नाहीत: लष्कराचे कॅडेट बी.ए. किंवा बी.एस्सी. करतात, बी.टेक. नौदल आणि हवाई दलाच्या कॅडेटसाठी. तीन वर्षं, म्हणजे सहा टर्म, खडकवासल्यात. चौथं वर्ष नौदलाचं केरळातल्या एळिमलाच्या नौदल अकादमीत, हवाई दलाचं हैदराबादजवळच्या दुंडिगलच्या हवाई दल अकादमीत. डिग्री दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची (जेएनयू).

अडचण विषयांची कमी, झोपेची जास्त. पहाटे पीटी किंवा ड्रिल, मग लेक्चर, दुपारी खेळ. अभ्यासाला उरतो संध्याकाळचा ठरावीक तास-दीड तास. त्यात नोट्स वाचत बसलं की डोळा लागतोच. हातात पेन घेऊन गणितं सोडवावीत, वाचन रविवारी. गणित पहिल्या दोन टर्ममध्ये कच्चं राहिलं, तर सर्किट आणि सिग्नल हे विषय पुढे डोक्यावरून जातात. आणि नापासाला इथे बाहेरच्यासारखी एटीकेटी घेऊन पुढे सरकण्याची चैन नाही. रेलिगेशन झालं की सहा महिने मागे, ज्युनिअरांच्या बॅचमध्ये.