ठाणे खाडीचे बांध आधी कोण राखायचे?

सुट्टीच्या सकाळी हातमोजे घालून कांदळवनातले प्लास्टिक वेचणारे गट नवी मुंबईत आता सवयीचे झालेत. या किनाऱ्यावर लोक पूर्वीही एकत्र येत, पण ते खाडीला अडवायला.

बेलापूर पट्टीतल्या आगरी गावांची बरीचशी भातशेती खाडीला खेटून, सखल. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाचे पाणी आत येऊ नये म्हणून चिखलाचे बांध घातलेले. खारे पाणी शिरले की हातचे पीक जातेच, शिवाय मातीतले मीठ धुऊन निघायला पुढचे पावसाळे खर्ची पडतात. म्हणून बांधाला खांड पडली की रात्र बघायची नाही, पाऊस बघायचा नाही. फावडी-घमेली घेऊन सगळे बांधावर. खांडीचे मूळ पुष्कळदा खेकड्याच्या बिळात असे. ओहोटीला बिळे हेरून चिखलाने बुजवायची, हीच खरी राखण.

पाण्याच्या वाटेवर उघाडी असे, म्हणजे वरून टांगलेली लाकडी झडप. भरतीच्या रेट्याने ती आपसूक मिटते; ओहोटी लागली की आत तुंबलेले पावसाचे पाणी तिला ढकलून खाडीत जाते. तिथेच जाळे लावले की जिताडा, कोळंबी मिळे, तो वरचा लाभ.

१९४८च्या मुंबई खारजमीन कायद्याने या कामात सरकार आले, १९७९च्या नव्या कायद्याने त्याचा हात वाढला. सरकारी बांध कितीही पक्का घातला तरी खेकड्याच्या बिळावरची रोजची नजर निविदेत कशी बसवणार?

दरम्यान १९७०मध्ये नवी मुंबई वसवायला सिडको हे सरकारी महामंडळ आले. ठाणे, पनवेल आणि उरण भागातल्या ९५ गावांच्या जमिनी शहरासाठी संपादनात गेल्या. मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उभे राहिले, १९८४मध्ये जासई परिसरात गोळीबारात माणसे मारली गेली. त्या लढ्याचा इतिहास बऱ्यापैकी सांगितला जातो. बांधांचे काय झाले, हे क्वचितच. शेतीच उरली नाही, तर उधाणाच्या रात्री बांधावर कोण धावणार? खांडी तशाच राहिल्या आणि काही जुन्या खाचरांत कांदळवन माजले.

पुढे त्याच कांदळवनाला कायद्याचे कवच मिळाले. २००५मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तोडीला मनाई केली, २०१२मध्ये राज्याचा कांदळवन कक्ष झाला, २०१५मध्ये ठाणे खाडीत फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झाले आणि २०२२मध्ये ते रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, ठरले. आजचे स्वच्छता गट या कवचाच्या आत काम करतात. त्यांचा कळवळा खरा आहे, पण खाडीवर त्यांच्या घरची चूल अवलंबून नाही, हा फरक मोठा आहे.

शहर वसवताना सिडकोने पावसाचे पाणी साठवायला धारण तलाव बांधले आणि भरतीला मिटणारी झडपेची दारे बसवली. याला डच पद्धत म्हणतात. उघाडीचे तत्त्वही तेच. आता हे तलाव गाळाने भरलेत, गाळावर कांदळवन उगवले आहे, आणि ते हटवून उपसा करायचा तर पालिकेला आधी परवानग्यांच्या मागे लागावे लागते.