टीव्हीला ऊन लागलं

शेजारच्या आप्पांनी दिवाळीत ५५ इंची टीव्ही घेतला. आप्पा रेल्वेतून निवृत्त, भुसावळातच घर बांधलेलं. टीव्ही कुठल्या भिंतीवर टांगायचा यावर घरात आठवडाभर खल झाला. शेवटी वास्तुवाल्याचं ऐकून तो आग्नेय कोपऱ्यात गेला. विजेची वस्तू म्हणजे अग्नी आणि अग्नीची जागा आग्नेय, असा हिशेब.

सहा महिने झकास चालला. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) लेकी माहेरी आल्या आणि सायंकाळी पावणेसहाच्या सुमारास पडद्याच्या डाव्या बाजूला परातीएवढा काळा डाग उमटला. "भाऊ, हाऊ टीव्ही काया पडी गया," म्हणत आप्पा माझ्या दारात. दिवेलागणीपर्यंत डाग आपोआप गेला, दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा हजर. दुकानदार म्हणाला, पॅनल गेलं. वास्तुवाला म्हणाला, दोष आहे, शांत करावी लागेल. मी पश्चिमेच्या भिंतीतली खिडकी लावून घेतली. डाग पाऊण तासात नाहीसा झाला.

हा डाग म्हणजे नेमकं काय, हे मला सांगायचंच आहे, कारण सगळा टीव्ही त्यातून समजतो.

आपण ज्याला एलईडी टीव्ही म्हणतो तो खरं तर एलसीडी, म्हणजे द्रवस्फटिकांचा (लिक्विड क्रिस्टल) पडदा असतो. एलईडी हा फक्त मागचा दिवा, आणि साध्या टीव्हीत तो सतत पेटलेला असतो. चित्रातली काळी रात्र दाखवतानासुद्धा मागे लख्ख उजेडच असतो, पुढे तो अडवलेला असतो. क्यूएलईडी नावाचंही तेच. रंग अधिक चोख, पण बांधणी एलसीडीचीच.

उजेड अडवायला दोन ध्रुवक (पोलरायझर) असतात. प्रकाशलहरींची कंपनं सगळ्या दिशांना होत असतात. ध्रुवक त्यातली एकाच दिशेची कंपनं पुढे सोडतो. पहिल्यातून आडवी कंपनं आली आणि दुसरा उभा लावला असेल, तर पलीकडे काही पोचत नाही. कुणाकडे पोलराइज्ड गॉगल असेल तर तो डोळ्यांसमोर धरून टीव्हीकडे पाहत हळूहळू गोल फिरवा. बहुतेक एलसीडी पडदे एका कोनात काळेठिक्कर होतात. दोन आडव्या-उभ्या ध्रुवकांमध्ये दुसरं काहीच नसेल, तर टीव्ही कायमचा काळा. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

या दोघांच्या मध्ये द्रवस्फटिकाचा थर असतो, जेमतेम तीन-चार मायक्रॉनचा, म्हणजे डोक्याच्या केसाहून पंधरा-वीस पट बारीक. यातले रेणू काडीसारखे लांबट. गाडीत रचलेला कडबा डोळ्यांसमोर आणा. सगळी ताटं एका दिशेला, पण एकमेकांवरून घसरू शकणारी. घसरतात म्हणून द्रव, दिशा पाळतात म्हणून स्फटिक. १९७० च्या सुमारास स्वित्झर्लंडमधल्या बासेलमध्ये शाट आणि हेल्फ्रिश यांनी या कडब्याला पीळ दिला. तळाची काडी आडवी, वरची उभी, मधल्या हळूहळू वळत गेलेल्या. प्रकाशाची कंपनं त्या पिळाबरोबर ९० अंश वळतात आणि दुसऱ्या ध्रुवकातून बाहेर पडतात. विद्युतदाब दिला की काड्या काचेला काटकोनात उभ्या राहतात, पीळ मोडतो, तो ठिपका काळा होतो. हल्लीच्या टीव्हीत पीळ नसतो. आयपीएस प्रकारात काड्या काचेला समांतर राहून जागच्या जागी फिरतात, व्हीएमध्ये काचेला काटकोनात उभ्या असतात आणि दाबाने कलतात. दोन्हींत कंपनाचा एक घटक दुसऱ्याच्या मागे पडतो आणि त्या कलांतरातून ध्रुवणाची दिशा बदलते. हे वाक्य डोक्यावरून गेलं तरी अडत नाही. काड्या रांगेत आहेत तोवरच प्रकाशाला वळण मिळतं, एवढं धरून ठेवा.

आता १८८८ साल. प्रागमधला वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रीडरिश राइनिट्झर कोलेस्टेरिल बेंझोएट तापवत होता. १४५.५ अंश सेल्सिअसला ते वितळलं, पण गढूळ. १७८.५ अंशांना तो गढूळ द्रव एकाएकी नितळ झाला. एकाच पदार्थाला दोन वितळणबिंदू! दुसऱ्या बिंदूवर वावटळीत कडबा उधळावा तशी रांग मोडते आणि उरतो साधा द्रव. टीव्हीतल्या मिश्रणांचा हा दुसरा बिंदू बहुधा सत्तर-ऐंशी अंशांच्या घरात असतो. मेमध्ये भुसावळात पारा पंचेचाळीसच्या पुढे जाणं नवलाचं नाही. त्यात काळ्या पडद्यावर तिरपं ऊन थेट आलं आणि मागचा दिवाही तापवत राहिला, की तेवढ्या भागातल्या काड्या उधळतात. वळण देणारं कुणी नाही, ध्रुवक आडवे-उभे, म्हणून काळा डाग. थंड झालं की रांग पुन्हा जुळते. आप्पांच्या टीव्हीला ऊन लागलं होतं, दुसरं काही नाही. अर्थात हे रोज होऊ देऊ नये. ध्रुवकाची फिल्म आणि मागचे एलईडी उष्णतेने लवकर म्हातारे होतात.

(जाता जाता: १९७७ मध्ये बेंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेत एस. चंद्रशेखर आणि सहकाऱ्यांनी चकतीसारख्या रेणूंचे द्रवस्फटिक शोधले. आणि १९९६ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी ज्या वाकड्या रेणूंची कमाल दाखवली, त्यांना जगभर 'केळी' म्हणतात. रावेर-यावलकरांनी कॉलर ताठ करायला हरकत नाही.)

मग दिवाळीत डाग का पडला नाही? सूर्य रोज त्याच जागी मावळत नाही म्हणून. आपल्याकडे दिवाळीत तो पश्चिमेच्या सुमारे १६ अंश दक्षिणेला मावळतो, मेच्या उत्तरार्धात २१ अंश उत्तरेला. फरक पस्तीस अंशांहून जास्त. आप्पांची खिडकी पश्चिमेच्या भिंतीत, उत्तरेच्या अंगाला. दिवाळीत तिथून शिरलेलं ऊन ईशान्येकडे जायचं. वैशाखात तेच ऊन थेट आग्नेय कोपऱ्यात. अग्नीची जागा म्हणून निवडलेल्या कोपऱ्यात खरोखरच अग्नी आला! दिशांचं शास्त्र म्हणवणाऱ्याने सूर्याची दिशाच पाहिली नव्हती.

टीव्ही निवडण्याबद्दल मला फार सांगायचं नाही. निरोगी डोळ्याला साधारण एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, इतका बारकावा दिसतो. ५५ इंची पडद्यावर फुल एचडीचा ठिपका सुमारे ०.६३ मिलिमीटरचा. सात फुटांपलीकडून दोन ठिपके वेगळे दिसत नाहीत. म्हणजे दहा फुटांवरच्या दिवाणावरून ४के आणि फुल एचडी यांच्या बारकाव्यात फरक कळणं कठीण. तरी घ्या, मोठ्या आकारांत हल्ली दुसरं फारसं मिळतही नाही. पण त्यासाठी वेगळे पैसे मोजू नका. घर भरलेलं असेल, कुणी खाटेवर, कुणी चटईवर, कुणी पार दाराशी, तर आयपीएस बरा, बाजूने पाहिलं तरी रंग उडत नाहीत. अंधारात समोर बसून पाहणार असाल तर व्हीएचा काळा अधिक गडद. खोक्यावरच्या लाखाच्या नि कोटीच्या कॉन्ट्रास्टवर, म्हणजे पांढरा काळ्याच्या किती पट उजळ या आकड्यावर, जाऊ नका. दिवसा उघड्या दारात २०० लक्स उजेड असेल आणि पडद्याने त्यातला २ टक्के परत फेकला, तरी काळा रंग करडा होऊन ३०० निटच्या (निट हे पडद्याच्या उजळपणाचं माप) पडद्याचा कॉन्ट्रास्ट अडीचशेच्या आत येतो. ओलेडमध्ये प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो, द्रवस्फटिक नाहीत, पण त्याचे सेंद्रिय थरही उन्हाने झिजतात.

धाब्याच्या घरात मातीच्या भिंतीला खिळा धरवत नाही, तिथे टेबलच बरं. कूलरचा दमट झोत पडद्यावर नको. पश्चिमेची भिंत दिवसभराचं ऊन रात्री ओकते, तिला पाठ चिकटवू नका.

आणि ऐन दिवाळीत मेचं ऊन तपासायचं असेल तर फोनमधलं होकायंत्र उघडा. टीव्ही जिथे येणार तिथे, भिंतीला पाठ लावून, पडद्याच्याच उंचीवरून पाहा. २८० ते २९० अंशांच्या दिशेला, क्षितिजापासून वीस-पंचवीस अंश वरपर्यंत, खिडकीतून मोकळं आकाश दिसलं तर ड्रिल मशीन परत पाठवा.