राय की रोस्ट? काळ्या बिअरमध्ये जिभेला नक्की काय लागतंय

राय स्टाउट किंवा राय पोर्टरबद्दल, म्हणजे राय (rye) हे गव्हासारखं धान्य घातलेल्या काळ्या बिअरबद्दल, कुणी दोन ओळी लिहिल्या की हे वाक्य ठरलेलं, "रायमुळे मस्त काळी झालीय, रायचा कडवटपणा घशात छान उतरतो". दोन्ही चूक. रंग रायचा नसतो, तो कडवटपणाही रायचा नसतो, आणि राय त्या बिअरला जे खरोखर देते त्याबद्दल मात्र चकार शब्द नाही. हे परत परत वाचून वैताग येतो कारण राय चांगली वापरलेली काळी बिअर ही फार सुंदर चीज आहे आणि लोक ती पितायत पण दाद भलत्यालाच देतायत.

रोस्टबद्दल, म्हणजे भाजलेल्या धान्याच्या चवीबद्दल, जास्त बोलत नाही, स्टाउट पिणाऱ्याला ते पाठ असतं. बार्ली (जव) किंवा तिचं माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) कडक भाजलं की कॉफी, कडू चॉकलेट, थोडा करपट वास आणि काळा रंग. १८१७ साली इंग्लंडमध्ये डॅनियल व्हीलरनं ड्रममध्ये माल्ट भाजायच्या पद्धतीचं पेटंट घेतलं आणि तेव्हापासून अगदी थोड्या काळ्या माल्टवर अख्खी बिअर काळी करता येते. आता साधं राय माल्ट बघा, ते बार्लीच्या फिक्या माल्टइतकंच फिकं असतं, बिअरला फार तर तांबूस झाक येते. रंगाचा विषय इथे संपला.

खरी गल्लत पुढे आहे. राय मुळात चवीआधी स्पर्शात कळते. रायच्या दाण्यात अरॅबिनोझायलन नावाचे चिकट पदार्थ बार्लीपेक्षा बरेच जास्त असतात (सगळीकडे बीटा-ग्लुकन या दुसऱ्या चिकट पदार्थाचं नाव घेतात, पण रायच्या बाबतीत मुख्य हात अरॅबिनोझायलनचा आहे, हे एकदा लक्षात ठेवाच). ब्रुअर लोकांना हे चांगलंच ठाऊक असतं कारण राय जास्त झाली की मॅश (गरम पाण्यात भिजवलेलं दळलेलं धान्य) गोंदासारखा होतो, वर रायला टरफल नसतं त्यामुळे गाळताना आधार मिळत नाही, गाळण अडकते, म्हणून भाताचं तूस घालायची वेळ येते. तोच चिकटपणा पुढे ग्लासात येतो. घोट तोंडात फिरवला की जिभेवर एक गुळगुळीत, काहीसा बुळबुळीत थर जाणवतो, बिअर जड वाटते, पण गोड वाटत नाही, आणि गिळल्यावर शेवट कोरडा होतो. जड आणि तरीही कोरडी, ही जोडी राय ओळखायची सगळ्यात भरवशाची खूण आहे. "बॉडी आहे म्हणजे गोड आहे" असं डोक्यात बसलेलं असतं ना, तिथेच लोक घसरतात आणि मग तो जडपणा माल्टच्या गोडीच्या नावावर जातो आणि कोरडेपणा रोस्टच्या.

मग तो प्रसिद्ध तिखटपणा? आहे, पण लोक सांगतात तेवढा नाही. मिरी तिखट लागते ती पायपरीनमुळे, आणि ते रायमध्ये नसतं. राय देते ती धान्याची, पावाच्या कडक कडेसारखी, मातकट अशी चव आणि तिच्यात मिरीची आठवण करून देणारी हलकी झाक. जीभ खरंच चुरचुरत असेल तर आधी गॅस बघा आणि अल्कोहोल बघा. आणि घशाशी जे करपट, कडू चिकटून राहतं ते रोस्ट किंवा हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं).

शंका असेल तर एक साधी गोष्ट करा, नाक चिमटीत धरून घोट घ्या. कॉफी, चॉकलेट, पावाची कड सगळं गायब होईल, कारण ते वास आहेत. उरतो कडवटपणा आणि स्पर्श. कडवटपणा रोस्ट-हॉप्सच्या खात्यात टाका आणि मग फक्त स्पर्शाकडे लक्ष द्या, तो गुळगुळीत थर सापडतोय का. आता नाक सोडा, पहिल्यांदा रोस्ट धावून येईल, त्याला जाऊ द्या, गिळून झाल्यावर श्वास नाकातून बाहेर सोडा आणि रोस्ट ओसरल्यावर मागे जे धान्यासारखं कोरडं राहतं ती राय. घाईघाईत पिणाऱ्याला हे कधीच मिळत नाही कारण रोस्ट पुढे असतो आणि राय मागून येते.

जडपणा दुसऱ्या कशानेही येतो हे खरंय. लॅक्टोजचा (दुधातल्या साखरेचा) जडपणा गोड असतो, ते लगेच कळतं. नायट्रो (नायट्रोजन भरलेल्या) बिअरचा मऊपणा बारीक बुडबुड्यांचा असतो, ग्लास ठेवून द्या, गॅस गेला की तो मऊपणाही जातो, रायचा थर मात्र तसाच राहतो. ओट्स मात्र फसवतात, त्यांचा थर रायच्या जवळ जातो, फरक एवढाच की तो मऊ असतो आणि त्याच्यामागे ती कोरडी धान्याची चव नसते.

लवंगेचा वास आला तर श्रेय यीस्टला. जर्मन रोगनबिअरमध्ये निम्मी किंवा त्याहून जास्त राय असते आणि ती गव्हाच्या बिअरच्या यीस्टनं आंबवतात, ते यीस्ट धान्यातल्या फेरुलिक ॲसिडपासून ४-व्हिनाइल ग्वायकॉल नावाचा पदार्थ बनवतं आणि लवंगेचा वास त्याचाच. बहुतेक स्टाउट-पोर्टरचं यीस्ट हे करतच नाही, तरी लोक "रायची लवंग" लिहितात! आणि राय ब्रेडची जी ओळखीची चव म्हणतात ती पुष्कळदा कॅरवेच्या (शहाजिऱ्यासारख्या) बियांची असते, बिअरमध्ये ती शोधत बसू नका.

आता जिथे खरंच गुंता आहे ते. राय माल्टही कडक भाजतात, त्याला चॉकलेट राय म्हणतात, बाम्बर्गची वायरमान कंपनी ते बनवते. म्हणजे काही बिअरमध्ये रोस्ट हाच रायचा असतो. पण एक तर हे माल्ट थोडंसंच पडतं, त्यामुळे त्यातून रायचा जाड थर मिळत नाही, आणि दुसरं, भाजण्यात रायची ती नाजूक धान्याची चव मागे पडून कॉफीच पुढे येते. मग त्याचा उपयोग काय, तर राय बिनटरफलाची असल्यामुळे टरफल करपून येणारा खरखरीत तुरटपणा त्यात कमी असतो, रोस्ट गोलसर लागतो. मला हे माल्ट फार आवडतं. पण फक्त तेवढं घालून बाटलीवर मोठ्ठ्या अक्षरात राय छापणं मला पटत नाही. फिकं राय माल्ट एकूण धान्याच्या १०-२० टक्के असावं, तेव्हा कुठे रोस्टच्या मागून ती हाताला लागते, सोबत थोडं चॉकलेट राय असेल तर उत्तमच.

आणि कृपा करून ही बिअर बर्फासारखी थंड पिऊ नका. ४ डिग्रीला वास दबतात आणि करपट कडूपणा तेवढा टोचत राहतो, मग परत "राय कडू असते" लिहायला मोकळे. १०-१२ डिग्रीवर प्या, फ्रीजमधून काढून थोडा वेळ राहू द्या, गोठवलेला मग तर नकोच.

एक लेबलचं राहिलं. "राय बॅरल-एज्ड" लिहिलेलं असेल तर बिअर राय व्हिस्कीच्या पिंपात मुरवलेली आहे एवढंच त्यातून कळतं, बिअरच्या धान्यात राय असेलच असं नाही. अमेरिकेत राय व्हिस्की नव्या, आतून जाळलेल्या ओकच्या पिंपात मुरवावी लागते, त्यामुळे त्या रिकाम्या पिंपातून बिअरला व्हॅनिला, ओक आणि व्हिस्कीची ऊब मिळते, ती छानच असते, पण तिच्याखाली रायचा थर शोधणं अवघड होऊन बसतं. राय म्हणजे काय ते शिकायचं असेल तर पिंपात न मुरवलेली, ५-६ टक्के अल्कोहोलची साधी राय पोर्टर घ्या आणि शेजारी तितक्याच ताकदीची बिनरायची पोर्टर ठेवा, आलटून पालटून घोट घ्या.