सूर्यग्रहण बघणं आणि फोटो काढणं (नागपूर)

अमावास्येला चंद्र सूर्याच्या आड येतो, तो प्रकार डोळे सांभाळून, फिल्टर लावून नाहीतर भिंतीवर सावली पाडून बघणं आणि जमलं तर कॅमेऱ्यात धरणं, याची ही नोंद. दर अमावास्येला ग्रहण होत नाही कारण चंद्राची कक्षा साधारण ५ अंशांनी कललेली आहे आणि बहुतेक वेळा तो सूर्याच्या वरून नाहीतर खालून निघून जातो. सूर्य पूर्ण झाकला तर खग्रास, चंद्र मधोमध आला पण लहान पडला आणि कडेनं बांगडी उरली तर कंकणाकृती, आणि नुसता चावा घेतल्यासारखा दिसला तर खंडग्रास. नागपूरकराच्या वाट्याला येतं ते हे तिसरं. गेल्या ४०-४५ वर्षांतली भारतातली मोठी ग्रहणं घ्या, पट्टा, म्हणजे जिथून खग्रास किंवा कंकणाकृती दिसतं ती जमिनीवरची अरुंद पट्टी, एकतर खालून गेला नाहीतर वरून, आपण झीरो माइलवाले मधोमध बसून दोन्हीकडचे लोक काय बघून राहिले ते ऐकतो.

१६ फेब्रुवारी १९८० चं खग्रास कर्नाटक-आंध्रातून गेलं, २४ ऑक्टोबर १९९५ चं राजस्थानातून अलाहाबादवरून डायमंड हार्बरकडे, २२ जुलै २००९ चं सुरत, भोपाळ, वाराणसी, पाटणा असं. कंकणाकृतीचंही तेच, २०१० ला कन्याकुमारी-रामेश्वर, २०१९ ला केरळ-तामिळनाडू, २०२० ला राजस्थान-हरियाणा-उत्तराखंड. ११ ऑगस्ट १९९९ ला मात्र खग्रासचा पट्टा गुजरातेतून शिरून आपल्याच विदर्भातून आंध्रच्या किनाऱ्याकडे उतरला, पण ऑगस्ट म्हणजे आभाळ भरलेलं, आणि त्या दिवशी देशभरात बहुतेकांनी ढगच बघितले.

खरी गंमत त्याच्या शंभर वर्षं आधीची आहे आणि ती नागपुरात फार कोणाला माहीत नसते. २२ जानेवारी १८९८ च्या दुपारी खग्रास ग्रहणाचा पट्टा कोकणात विजयदुर्गापाशी शिरला आणि तिरपा वर चढत नागपूरच्या शेजारून शहडोल, बक्सरकडे गेला. विजयदुर्गावर इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर बसले होते, जेऊरला पुण्याचे प्रोफेसर कावसजी नायगमवाला, आणि आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या पुलगावला न्यूऑल आणि कॅप्टन हिल्स यांची इंग्रज टीम तंबू ठोकून बसली होती. त्याच्याच मागचं स्टेशन तळणी, धामणगाव आणि पुलगावच्या मधलं, तिथं ब्रिटिश ॲस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनचे लोक उतरले, त्यात एडवर्ड माँडर आणि त्यांची बायको ॲनी माँडर. मोठमोठी यंत्रं सोबत होतीच, पण नाव झालं ते ॲनीबाईंच्या दीड इंची भिंगाच्या छोट्या कॅमेऱ्याचं, कारण त्यांच्या फोटोच्या काचेवर सूर्याच्या प्रभामंडळाचा, म्हणजे खग्रासात सूर्याभोवती दिसणाऱ्या तेजाचा, एक झोत उमटला जो तोपर्यंत कोणीच इतका लांब पकडला नव्हता. मुंबईच्या गाडीत बसून आपण कितीदा तळणीवरून जातो, बाहेर कपाशी आणि तुरी, कोणी मान वर करून बघत नाही. तिथं एखादी पाटी तरी लावायला पाहिजे असं आपलं मत.

बघायचं कसं

पहिली गोष्ट, खंडग्रासात सूर्याचा ९० टक्के भाग झाकला तरी उरलेला डोळा जाळायला पुरेसा असतो. डोळ्याच्या पडद्याला दुखतच नाही त्यामुळं जळताना काही कळत नाही, काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी वाचायला बसलं की मधोमध डाग दिसतो. खग्रासच्या पट्ट्यात ती दोन-तीन मिनिटं चष्मा काढून बघता येतं आणि काढलाच पाहिजे, पण ते तिथं. नागपुरात खंडग्रास असताना फिल्टर एक सेकंदही काढायचा नाही, हा एवढा फरक बाहेरच्या देशातले व्हिडिओ बघणाऱ्यांच्या लक्षात येत नाही.

जुन्या घरांत परातीत पाणी घेऊन त्यात हळद नाहीतर शेण कालवून त्यातलं प्रतिबिंब बघायची पद्धत होती, आजी लोक अजून सांगतात. डोक्यावरच्या सूर्याचा प्रकाश पाण्यावरून साधारण २ टक्के परततो, हिशोब कमी वाटतो, पण चांगला सोलर फिल्टर लाखातला एकच हिस्सा आत सोडतो, म्हणजे परातीतला सूर्य त्याच्या २,००० पट झगझगीत. एक्सरेची फिल्म, काजळी धरलेली काच, सीडी, गॉगलवर गॉगल हे सगळं बाद. वेल्डिंगची काच चालते पण १४ नंबरची, दुकानात साधारण मिळते ती त्याहून फिकी असते, तेव्हा नंबर बघून घ्या. ग्रहणाच्या आठवड्यात फुटपाथवर कागदी चष्मे येतात, ते घालून घरातल्या ट्यूबलाइटकडे बघायचं, ट्यूबलाइट दिसली तर तो चष्मा पोरांना खेळायलाही देऊ नका.

सगळ्यात स्वस्त आणि माझ्या मते सगळ्यात भारी साधन म्हणजे बुंदी पाडायचा झारा. झाऱ्याचं प्रत्येक भोक सूर्याचं एक चित्र पाडतं आणि त्याचा आकार अंतराच्या साधारण १०८ वा भाग असतो, म्हणजे एक मीटरवर जेमतेम ९ मिलिमीटर. लोक काय करतात, झारा भिंतीला चिकटवून धरतात, मग भोकांचीच गोल सावली दिसते आणि म्हणतात काही होऊन नाही राहिलं बे. दोन-अडीच मीटर मागं या, हात स्थिर ठेवा, आणि पांढऱ्या भिंतीवर पन्नास-साठ चंद्रकोरी एकदम एकाच दिशेला तोंड करून उभ्या राहतात. चहाची गाळणी चालत नाही, भोकं जवळजवळ असल्यानं सगळं एकात एक मिसळतं. कडुनिंबाखालीही हेच होतं, पानांच्या फटीतून पडलेले कवडसे एरवी गोल असतात, त्या दिवशी अंगणभर कोरी सांडलेल्या असतात. हातआरशावर कागद चिकटवून नखाएवढं भोक ठेवलं आणि कवडसा दहा मीटर लांब अंधाऱ्या खोलीत पाडला तर ९ सेंटिमीटरचा सूर्य भिंतीवर येतो, अख्ख्या वाड्यानं बसून बघावा असा.

टेलिस्कोपमधून बघायचं असेल तर गांधीसागर तलावासमोरचं रमण विज्ञान केंद्र आहे, १९९२ ला सुरू झालेलं. घरचा टेलिस्कोप असेल तर फिल्टर पुढच्या तोंडाला, आयपीसला, म्हणजे डोळा लावायच्या भिंगाला, कधीच नाही, तिथं उष्णता एकवटते आणि काच तडकते.

फोटो

कॅमेऱ्यालाही तोच नियम, फिल्टर लेन्सच्या पुढं. बाडर कंपनीची ॲस्ट्रोसोलर ही सोलर फिल्टरची फिल्म ए-फोर कागदाच्या मापात मिळते, पुठ्ठ्याची रिंग करून लेन्सवर घट्ट बसवायची आणि वरून टेप मारायचा, वाऱ्यानं उडाली तर सेन्सर जातो. सेन्सरवर सूर्य किती मोठा पडेल तर फोकल लेंग्थ भागिले १०९, म्हणजे ५०० मिलिमीटरच्या लेन्सला साडेचार मिलिमीटर, कॅमेऱ्यासोबत येणाऱ्या किट लेन्सच्या ५५ ला अर्धा मिलिमीटर, त्यामुळं किट लेन्सनं सूर्याचा क्लोजअप काढायचा हट्ट सोडा आणि वाईड फ्रेममध्ये दर पाच मिनिटांनी एक असे फोटो घेऊन नंतर जोडा. सूर्य आपल्या रुंदीएवढा साधारण दोन मिनिटांत सरकतो, ट्रायपॉडवर फ्रेम लावताना पुढं जागा सोडायची. आयएसओ १००, एफ ८, शटर सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास इथून सुरुवात करा, फोकस मॅन्युअल, सूर्यावर डाग असेल तर त्यावर नाहीतर कडेवर. मोबाइलनं चष्म्याचीच काच कॅमेऱ्यापुढं धरून काढता येतं, सूर्य शेंगदाण्याएवढाच येतो पण येतो. मोबाइल नुसता सूर्याकडं धरला तर पांढरा गोळा येतो हे खरं, पण फोटोत बाजूला लेन्सच्या परावर्तनाचा जो हिरवट-निळा ठिपका पडतो तो झूम करून बघा, बरेचदा त्यात अचूक कोर असते.

लक्ष्मीपूजन अमावास्येचं असल्यानं दिवाळीत ग्रहण येणं नवल नाही, १९९५ ला लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी आलं आणि २५ ऑक्टोबर २०२२ लाही. २०२२ चं ग्रस्तास्त होतं, म्हणजे नागपुरात पावणेपाचनंतर लागलं आणि सूर्य ग्रहणातच पावणेसहाच्या आत मावळला. फोटोवाल्यांना असलं ग्रहण सोन्यासारखं, कारण सूर्य खाली असतो आणि सोबत झाड, मंदिराचा कळस, पाणी घेता येतं, अंबाझरीच्या बांधावरून तलावापलीकडं उतरणारा चावलेला सूर्य तसाच. २००९ चं उलट, ग्रस्तोदित, आषाढ अमावास्येचं, सूर्य उगवला तोच ग्रहण लागलेला. २०१० चं तर संक्रांतीच्या दुसऱ्याच दिवशी, आपल्याकडं आकाशात पतंगच पतंग असतात तेव्हा, म्हणजे अख्खं गाव आधीच गच्चीवर आणि मान वर.

घरात वेध पाळणं, लोणच्यावर तुळशीपत्र, गरोदर बाईला चिरू-कापू न देणं, मोक्षानंतर आंघोळ आणि गल्लीत ‘दे दान सुटे गिराण’ ची हाक हे कमी झालंय पण गेलं नाही. अन्नाला ग्रहणानं काही होत नाही. एकाच घरात आई देवघरात जप करून राहिली आणि पोरगा गच्चीवर झारा घेऊन, असं खूप ठिकाणी असतं, आणि मोक्ष झाला की दोघंही पोहे खातात.

पुढची तारीख २ ऑगस्ट २०२७, इजिप्तमधल्या लक्सरला ६ मिनिटांहून जास्त खग्रास, आपल्याकडं दुपार टळल्यावर थोडा चावा आणि तोही पावसाळ्यात. २१ मे २०३१ ला केरळ-तामिळनाडूत कंकणाकृती आहे, नागपुरात खंडग्रास, पण मे महिन्यातलं आभाळ साफ असायची शक्यता चांगली, ऊन मात्र टोपी-दुपट्ट्याचं. खग्रासच पाहिजे तर २० मार्च २०३४, कारगिलकडं, रेल्वे जम्मूपुढं कुठवर गेलेली असेल ते बघून रिझर्वेशन करायचं.