खाऱ्या पाण्याची टाकी सायकल करणं

समुद्री मासे सोडायच्या आधी नव्या टाकीत अमोनिया पचवणारे बॅक्टेरिया वसवून घ्यायचे, याला टाकी सायकल करणं म्हणतात. मासा कल्ल्यांतून अमोनिया सोडतो, उरलेलं खाणं कुजलं की त्याचाही अमोनियाच होतो, मग एका गटाचे बॅक्टेरिया त्याचं नायट्राइट करतात आणि दुसऱ्या गटाचे नायट्राइटचं नायट्रेट. सर्गेई विनोग्राद्स्की या शास्त्रज्ञानं १८९० च्या सुमारास मातीतले असे बॅक्टेरिया वेगळे करून दाखवले, म्हणजे कपाशीच्या वावरात जे चालू असतं तेच इथं काचेच्या पेटीत करून घ्यायचं. साधारण ४ ते ६ आठवडे लागतात, कधी जास्तही, आणि या काळात टाकी रिकामीच दिसते म्हणून घरचे विचारतातच, मासे कुठी हायेत?

विदर्भात, त्यातही खेड्यात, पहिली अडचण पाण्याची. अकोला, अमरावती, बुलडाणा जिल्ह्यांतल्या पूर्णेच्या खोऱ्यात खारपाण पट्टा आहे, तिथल्या बोअरचं पाणी खारट लागतं, त्यामुळे नवख्याला वाटतं आपलं तर कामच झालं. तसं नाही. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात आणि त्यांचं प्रमाण ठरलेलं असतं, कॅल्शियम ४०० पीपीएमच्या (लिटरमागे मिलिग्रॅम) वर, मॅग्नेशियम १३०० च्या आसपास. बोअरच्या पाण्यात ते गणित जुळत नाही. लोणारच्या सरोवराचं पाणी तर खारट असून अतिअल्कधर्मी, पीएच १० च्या आसपास, तेही चालत नाही. घरचं आयोडीनवालं मीठ म्हणजे जवळपास निव्वळ सोडियम क्लोराइड, तेही बाद. अक्वेरियमसाठीचं तयार समुद्री मीठच मागवावं लागतं, १०० लिटरला साडेतीन ते पावणेचार किलो, आणि ते आरओच्या पाण्यात कालवायचं. गावातल्या वॉटर एटीएमचं पाणी पिण्यासाठी ठीक आहे पण टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजतो तो) लावून बघा, शून्य क्वचितच येतं, पुढे डीआय रेझिनचा, म्हणजे उरलेले क्षार धरून ठेवणारा, फिल्टर जोडलेला बरा. विहिरीच्या पाण्यात खताचं नायट्रेट आधीच असू शकतं, मग टेस्टमध्ये दिसलेलं नायट्रेट सायकलचं की विहिरीचं हे कळणार कसं?

मीठ कालवायची बादली नवी घ्या. फवारणीची बादली कितीही धुतली तरी नको, कीटकनाशकाचा अंशसुद्धा झिंगे-खेकड्यांसारख्या जिवांना मारतो.

पाणी १.०२५ विशिष्ट गुरुत्वावर (म्हणजे साध्या पाण्याच्या १.०२५ पट जड) आलं, पंप आणि पाणी हलतं ठेवणारा वेव्हमेकर चालू झाला, दगड-वाळू बसली, की अमोनिया द्यायचा. पूर्वी यासाठी काटक डॅमसेल मासे सोडायचे, जगले तर जगले. आता तसं करायची गरजच नाही. खाऱ्या पाण्याचा पीएच ८.२ च्या आसपास असतो आणि तेवढ्या पीएचला अमोनियाचा विषारी भाग पीएच ७ च्या पाण्यापेक्षा १० पटीहून जास्त निघतो, त्यामुळे गोड्या पाण्यात जे खपून जातं ते इथं खपत नाही. झिंग्याचा एक तुकडा कुजत ठेवला तरी अमोनिया तयार होतो, फक्त वास येतो आणि प्रमाण हातात राहत नाही. त्यापेक्षा शुद्ध अमोनियम क्लोराइड बरं, १०० लिटरला साधारण ०.६ ग्रॅम टाकलं की २ पीपीएम अमोनिया होतो. कल्हईवाले वापरतात तो नवसागर म्हणजे हेच, पण बाजारातल्या खड्यात आणखी काय मिसळलंय याची खात्री नसते, म्हणून लॅबच्या दर्जाचं घ्यावं.

घरात युरियाची गोणी पडलेली असतेच, म्हणून तेही सुचतं. नको. २०१५ पासून देशात शेतीचा युरिया निंबोळी तेल लावूनच येतो, आणि ते तेल लावायचं एक कारणच हे की जमिनीतल्या याच बॅक्टेरियांचं काम मंदावावं. आपल्याला इथं नेमकं उलटं पाहिजे! डीएपीतून फॉस्फेट येतं, मग शेवाळ आवरत नाही.

दुधाला विरजण लावावं तसे बाटलीतले बॅक्टेरिया टाकले की सुरुवात लवकर होते, मात्र बाटली उन्हाळ्यात कुरियरमध्ये तापत पडली असेल तर त्यात जिवंत काय उरलं असेल ते सांगता येत नाही. गोड्या पाण्याच्या टाकीतला फिल्टरचा जुना स्पंज इथं लगेच उपयोगी पडत नाही. आणि रामेश्वर-कन्याकुमारीच्या सहलीत मिळालेला प्रवाळाचा तुकडा टाकीत टाकायचा विचार सोडा, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात प्रवाळाला संरक्षण आहे.

पुढे रोज नाही तरी एक दिवसाआड टेस्ट. आधी अमोनिया उतरायला लागतो, नायट्राइट चढतं आणि मग तिथंच अडकून बसतं, टाकीत काही होऊनच नाही राहिलं असं वाटतं, इथंच बहुतेकांचा धीर सुटतो. खाऱ्या पाण्यातलं क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही, त्यामुळे माशाला ते इथं कमी बाधतं, तरी ते शून्यावर येईपर्यंत थांबावं. काचेवर तपकिरी थर आला तर तो डायटम नावाच्या सूक्ष्म शेवाळाचा, आपोआप जातो. २ पीपीएम अमोनिया टाकून २४ तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले की सायकल झाली. कॅलेंडर बघून ठरवू नये.

सुरुवात दिवाळीच्या आसपास केलेली बरी, थंडीच्या रात्री हीटर २६ अंशांवर लावून ठेवला की झालं. मे महिन्यात बाहेर ४५ असताना पाणी ३२-३३ ला सहज जातं, गरम पाण्यात ऑक्सिजन कमी टिकतो, आणि या बॅक्टेरियांना ऑक्सिजन भरपूर लागतो. पाण्यावर साधा पंखा सोडला तर बाष्पीभवनानं दोन-तीन अंश उतरतात, पण खोलीत कूलर चालू असेल तर हवा दमट होऊन पंख्याचा फायदा घटतो, तेव्हा खिडकी उघडी ठेवा. उडून जातं ते पाणी, मीठ नाही, म्हणून भर घालताना नुसतं आरओचं पाणी घालायचं. लाइन गेली की पंप बंद, मग बॅटरीवर चालणारा एअर पंप हवाच, इन्व्हर्टर असेल तर उत्तम.

सायकल झाल्यावर नायट्रेट २० पीपीएमच्या खाली येईल एवढं पाणी बदलून एक किंवा दोन क्लाउनफिश सोडावेत. पुढचा मासा दोन-तीन आठवड्यांनी, कारण बॅक्टेरिया मिळणाऱ्या अमोनियाच्या मापातच वाढतात आणि एकदम पाच-सहा मासे आले तर पुन्हा अमोनिया चढतो.