हॉलमधल्या टीव्हीला कोणता बॉक्स लावायचा?
घरी स्वतःचा मीडिया सर्व्हर असलेल्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

घरच्या सर्व्हरवर (व्हिडिओ साठवून घरभर पुरवणाऱ्या संगणकावर) जेलीफिन, प्लेक्स किंवा एम्बी यांपैकी एखादं सॉफ्टवेअर बसवून झालं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "आता टीव्हीला काय लावू?" दुकानात उभ्याउभ्या त्याचं नीट उत्तर देता येत नाही, म्हणून हे माहितीपत्रक काढलं आहे. बॉक्स आमच्याकडूनच घ्या असा आग्रह नाही. पुष्कळदा घरात पडून असलेल्या स्टिकवरच (टीव्हीत खोचायच्या छोट्या बॉक्सवरच) काम भागतं, आणि तसं असलं तर आम्ही तसं सांगतो.

आधी फायली, मग बॉक्स

बहुतेक जण जाहिरात बघून बॉक्स घेतात आणि मग त्यावर काय चालतं ते शोधत बसतात. आमचं म्हणणं उलट आहे. तुमच्या सर्व्हरवर काय साठवलं आहे ते आधी बघा, कारण चांगला बॉक्स म्हणजे तुमच्या फायली आहेत तशा उघडणारा बॉक्स. फाईल सर्व्हरवरून जशीच्या तशी आली आणि बॉक्सने ती स्वतः उघडली, तर त्याला डायरेक्ट प्ले म्हणतात. बॉक्सला ती उघडता आली नाही, तर सर्व्हर तीच फाईल चालताचालता दुसऱ्या रूपात बदलून पाठवतो. ते ट्रान्सकोडिंग. त्यात सर्व्हर तापतो, वीज जास्त जाते, चित्राचा दर्जा थोडा उतरतो, आणि जुना लॅपटॉप सर्व्हर म्हणून वापरत असाल तर फोर के व्हिडिओ अडखळतोच.

तुमच्याकडे काय होतंय ते बघायला पैसे लागत नाहीत. टीव्हीवर व्हिडिओ चालू ठेवा आणि फोनवर जेलीफिनचा डॅशबोर्ड उघडा. व्हिडिओ थेट चालतोय की बदलून, आणि बदलून असेल तर कशामुळे, ते तिथे लिहिलेलं असतं. प्लेक्सच्या डॅशबोर्डवरही दिसतं. बॉक्स बदलायच्या आधी हे एकदा बघाच.

नागपुरातल्या घरांमध्ये आम्हाला साधारण चार तऱ्हेच्या फायली भेटतात: जुन्या कॅसेटवरून उतरवलेली लग्नं-मुंजी, विकत घेतलेल्या डीव्हीडी आणि ब्लू-रे, फोनवरचे व्हिडिओ, आणि अलीकडच्या लग्नांचं ड्रोनसकट फोर के चित्रीकरण. चौघांचे स्वभाव वेगळे आहेत. (इंटरनेटवरून उतरवलेले सिनेमे आम्ही कुणाला भरून देत नाही, कृपया विचारू नये.)

सगळ्यात जास्त त्रास नव्या लग्नांचा होतो. प्रतापनगरातल्या एका घरी आम्ही चांगला महाग बॉक्स बसवून दिला आणि मुलीच्या लग्नाचा व्हिडिओ लावला, तर आवाज नीट पण चित्र धक्के खात. आम्ही वायफाय बदललं, एचडीएमआय केबल बदलली, दोन चकरा मारल्या. शेवटी फाईलची माहिती उघडून पाहिली तेव्हा कळलं की फोटोग्राफरने कॅमेऱ्यातली मूळ क्लिपच पेनड्राइव्हवर दिली होती, १०-बिट आणि ४:२:२ रंगनोंदीची, म्हणजे रंग जास्त बारकाईने नोंदवलेली. संकलनासाठी ती उत्तम असते, पण टीव्हीच्या बॉक्समधल्या चिपा ४:२:० साठी, म्हणजे त्याहून कमी रंगनोंदीसाठी, बनवलेल्या असतात. अशी एच.२६४ (व्हिडिओ दाबून साठवण्याची एक पद्धत) फाईल जवळजवळ कुठलाही बॉक्स हार्डवेअरवर उघडत नाही, मग तो कितीही महाग असो. फाईल आधी तपासली असती तर त्यांचे बॉक्सचे पैसे वाचले असते. ती चूक आमची होती. तेव्हापासून बॉक्स सुचवण्याआधी आम्ही फायली मागतो. लग्न अजून व्हायचं असेल तर फोटोग्राफरला आत्ताच सांगून ठेवा: मूळ क्लिपा जपून ठेवायला द्या, आणि शिवाय टीव्हीवर बघायला ८-बिट, ४:२:० ची एक वेगळी प्रत द्या.

जुन्या कॅसेटची गोष्ट याच्या अगदी उलट. फाईल लहान असते आणि कुठल्याही नेटवर्कवरून सहज जाते. पण आपल्याकडे पाल पद्धत होती, म्हणजे सेकंदाला २५ चित्रं, आणि प्रत्येक चित्र अर्ध्या-अर्ध्या ओळींच्या दोन भागांतून विणलेलं. ती वीण बॉक्सने नीट उलगडली नाही तर हलणाऱ्या माणसांच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या रेघा दिसतात. कोडी हे व्हिडिओ चालवणारं मोफत सॉफ्टवेअर हे काम चांगलं करतं. टीव्हीतल्याच अ‍ॅपवर मात्र आमचा फारसा भरवसा नाही. दुसरी अडचण वेगाची. बहुतेक स्टिक टीव्हीला सेकंदाला ६० चित्रं पाठवतात आणि ६० ला २५ ने नीट भाग जात नाही, त्यामुळे कॅमेरा मांडवावरून सावकाश फिरतो तेव्हा चित्र किंचित अडखळतं. लोकांना वाटतं कॅसेटच खराब झाली. तर बॉक्सच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये मूळ फ्रेम रेट जुळवण्याचा पर्याय असतो, तो सुरू करा. टीव्ही ५० हर्ट्झवर जातो आणि चित्र सरळ सरकायला लागतं. फायर टीव्ही आणि अ‍ॅपल टीव्ही दोन्हींत हा पर्याय आहे, फक्त वापरायचं अ‍ॅपही त्याला साथ देणारं हवं. सिनेमाच्या २४ चित्रांनाही याचा फायदा होतो. आईवडिलांच्या लग्नाची एकच कॅसेट उरलेली असते. ती बघताना डोळ्यांना खुपू नये म्हणून एवढी खटपट करावी असं आम्हाला मनापासून वाटतं.

फोनवरच्या व्हिडिओंबाबत एवढंच की २०२० च्या आयफोन १२ पासून आयफोन डॉल्बी व्हिजन एचडीआरमध्ये (उजेड आणि रंग जास्त खुलवणाऱ्या पद्धतीत) रेकॉर्ड करतात. टीव्ही साधा असेल तर असे व्हिडिओ फिकट, राखाडी दिसू शकतात. मग सर्व्हरला रंग बदलून पाठवावे लागतात, किंवा फोनमध्येच एचडीआर रेकॉर्डिंग बंद ठेवता येतं.

डीव्हीडी आणि ब्लू-रे घेणाऱ्यांसाठी आकडे लक्षात ठेवण्यासारखे आहेत. डीव्हीडीला सेकंदाला जास्तीत जास्त सुमारे १० मेगाबिट लागतात, साध्या ब्लू-रेला ४८ पर्यंत, आणि फोर के ब्लू-रेला १२८ पर्यंत. हेच आकडे पुढे वायरिंग ठरवतात.

कोणता बॉक्स, आमचं मत

आधी टीव्हीतलंच अ‍ॅप वापरून बघा. डायरेक्ट प्ले होत असेल आणि घरातल्यांना जमत असेल, तर काही घेऊ नका. दोन अडचणी मात्र हमखास येतात. सॅमसंगच्या २०१८ पासूनच्या टीव्हींमध्ये डीटीएस (डिस्कवर आवाज साठवण्याची एक पद्धत) आवाज चालत नाही, म्हणून ब्लू-रेवरून घेतलेल्या काही फायलींचं चित्र येतं आणि आवाज नाही, किंवा सर्व्हरला आवाज बदलावा लागतो. आणि टीव्ही पाच-सहा वर्षांचा झाला की अ‍ॅप सुस्त होतं.

बहुसंख्य घरांसाठी फायर टीव्ही स्टिक फोर के पुरते. जेलीफिन आणि प्लेक्स दोन्ही तिच्या स्टोअरमध्ये आहेत, आणि दुसऱ्या पिढीची स्टिक एव्ही१ (व्हिडिओ साठवण्याची नवी पद्धत) सुद्धा उघडते. २०१८ ची पहिली पिढी ते करत नाही, जुनी वापरलेली घेताना विचारून घ्या. कोडी तिच्या स्टोअरमध्ये नाही, ते वेगळं टाकावं लागतं. इथे एक सावधगिरी: २०२५ मध्ये आलेली फोर के सिलेक्ट दिसायला तशीच आहे, पण ती अँड्रॉइडवर नव्हे तर वेगा या नव्या प्रणालीवर चालते. बाहेरून अँड्रॉइडचं अ‍ॅप तिच्यावर टाकता येत नाही. तुमचं अ‍ॅप तिच्या स्टोअरमध्ये आहे याची खात्री झाल्याशिवाय ती घेऊ नका.

पैशाची अडचण नसेल आणि घरात वृद्ध मंडळी असतील, तर आम्ही अ‍ॅपल टीव्ही फोर के सुचवतो. चपळ आहे, वर्षानुवर्षं सुस्त होत नाही, रिमोट साधा आहे. २०२२ च्या मॉडेलमध्ये १२८ जीबीवाल्यालाच लॅन पोर्ट (नेटवर्कची वायर लावायची जागा) आहे, ६४ जीबीवाल्याला नाही. आले तेव्हा दोघांच्या किमतीत दोन हजारांचाच फरक होता (१४,९०० आणि १६,९००), तेवढ्यासाठी पोर्ट सोडू नये. उणीव अशी की ब्लू-रेचा ट्रूएचडी (दर्जा न घटवता साठवलेला) आवाज तो अ‍ॅम्प्लिफायरकडे मूळ रूपात जाऊ देत नाही, त्यामुळे त्यातलं चहूबाजूंनी आवाज देणारं अ‍ॅटमॉस हरवतं. टीव्हीच्याच स्पीकरवर ऐकणाऱ्यांनी याची काळजी करू नये.

एनव्हिडिया शील्ड टीव्ही प्रो २०१९ चा आहे, तरी एव्ही रिसीव्हर आणि सात-आठ स्पीकर लावलेल्यांसाठी आजही कामाचा आहे. ट्रूएचडी आणि डीटीएस-एचडी तो जसेच्या तसे पुढे देतो, लॅनही गिगाबिट आहे. एव्ही१ मात्र त्याला येत नाही, आणि आपल्याकडच्या नेहमीच्या दुकानांत तो मिळत नाही.

रास्पबेरी पाय (एका पट्टीवरचा छोटा संगणक) हौशी मंडळींसाठी. त्यावर लिब्रइलेक (फक्त कोडी चालवणारी छोटी प्रणाली) टाकलं की कोडी सुंदर चालतं. पाय ५ मध्ये एचईव्हीसीसाठी (एच.२६४ नंतरची पद्धत) हार्डवेअर आहे, एच.२६४ साठी नाही. ते काम प्रोसेसर करतो.

बिनानावाचे, खोक्यावर "एट के" छापलेले स्वस्त अँड्रॉइड बॉक्स आम्ही विकत नाही आणि कुणी आणले तर बसवूनही देत नाही. एकतर परवाना नसल्यामुळे त्यांवर नेटफ्लिक्ससारखी अ‍ॅप बहुधा कमी दर्जाच्या चित्रातच चालतात. दुसरं कारण जास्त गंभीर आहे. अशा काही बॉक्समध्ये कारखान्यातूनच घातक सॉफ्टवेअर आलेलं सापडलं आहे, आणि जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने त्याबद्दल जाहीर इशारा दिला. ज्या नेटवर्कवर तुमचे घरचे फोटो आणि बँकेचं काम चालतं, तिथे हा पाहुणा नको.

प्लेक्स वापरणाऱ्यांसाठी एक खुलासा: एप्रिल २०२५ च्या अखेरीपासून घराबाहेरून स्वतःचे व्हिडिओ बघायला प्लेक्स पैसे घेतं. घरातल्या घरात बघणं मोफतच आहे. जेलीफिन दोन्हीकडे मोफत आहे, मात्र बाहेरून बघण्याची सुरक्षित सोय स्वतः करावी लागते. ती आम्ही करून देतो.

वायर की वायफाय

महाल भागातल्या जुन्या वाड्यांच्या दीड-दोन फूट जाड भिंतींपुढे ५ गिगाहर्ट्झचं वायफाय हात टेकतं. २.४ गिगाहर्ट्झ पलीकडे पोचतं, पण वेग नसतो. मनीषनगर-बेसाकडच्या फ्लॅटमध्ये भिंती पातळ, तर शेजाऱ्यांचीच डझनभर वायफाय मध्ये येतात. म्हणून जमेल तिथे वायर टाका. घराचं रंगकाम निघालं असेल तर त्याआधी सांगा, कॅट ६ केबल पाइपातून ओढून घेऊ.

इथे वर दिलेले आकडे कामी येतात. बऱ्याच टीव्हींचा लॅन पोर्ट १०० मेगाबिटचाच असतो, आणि फायर स्टिकला लागणारा अ‍ॅमेझॉनचा लॅन अ‍ॅडॅप्टरही तेवढाच. डीव्हीडी आणि ब्लू-रेला तो भरपूर झाला. फोर के ब्लू-रेची पूर्ण प्रत मात्र गर्दीच्या दृश्यात १०० च्या वर उसळते आणि थांबते. तसा संग्रह असेल तर गिगाबिट पोर्टचा बॉक्स किंवा राउटरजवळचं चांगलं ५ गिगाहर्ट्झ वायफाय, यांपैकी एक हवंच.

आपला उन्हाळा

मे २०१३ मध्ये नागपूरचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता. टीव्हीच्या मागे, भिंतीला चिकटून, एचडीएमआयमध्ये खोचलेली स्टिक अशा दिवसांत किती तापत असेल याचा विचार करा. तापली की ती स्वतःचा वेग कमी करते. रास्पबेरी पायचा प्रोसेसर ८० अंशांच्या पुढे मंदावायला लागतो. मे महिन्यात दुपारी व्हिडिओ अडकतो आणि रात्री नीट चालतो, अशी तक्रार असेल तर आमचा पहिला संशय उष्णतेवर असतो. स्टिकसोबत आलेली एचडीएमआयची छोटी वायर फेकू नका. ती लावून स्टिक टीव्हीच्या पाठीपासून दूर, हवा लागेल अशी लोंबती ठेवा. वीज टीव्हीच्या यूएसबीवरून न घेता सोबतच्याच अ‍ॅडॅप्टरवरून घ्या.

सर्व्हर गच्चीवरच्या खोलीत नको. कूलरच्या थेट झोतातही नको, ती हवा ओली असते आणि हार्ड डिस्कला ओल सोसत नाही. आतल्या खोलीत, जमिनीपासून थोडं वर, मागे चार बोटं जागा सोडून ठेवा. आणि यूपीएस लावाच. वळवाच्या पावसात लाईट जाते-येते तेव्हा सर्व्हर दणकन बंद पडतो आणि त्यातली व्हिडिओंची नोंदवही (डेटाबेस) बिघडते.

मराठी सबटायटल

एका ताईंनी आईच्या लग्नाच्या कॅसेटला स्वतः सबटायटल लिहिली: पंगतीत वाढणारे कोण, मांडवात पाटावर बसलेली आजी कुणाची. घरातली मुलं आता ती नावं वाचत वाचत व्हिडिओ बघतात. तुम्हीही करणार असाल तर युनिकोडमध्ये टाइप करा आणि एसआरटी (सबटायटलची साधी) फाईल यूटीएफ-८ मध्ये साठवा, नाहीतर टीव्हीवर चौकोन दिसतात. काही अ‍ॅपमध्ये जोडाक्षरं तुटतात, म्हणून "ज्येष्ठा", "स्त्रिया", "लक्ष्मी" असे शब्द असलेली एक ओळ आधी लावून बघा. ब्लू-रेवरची सबटायटल अक्षरं नसून चित्रं असतात. बॉक्सला ती दाखवता आली नाहीत तर सर्व्हरला ती व्हिडिओत छापावी लागतात आणि ट्रान्सकोडिंग सुरू होतं.

दुकानात येताना

पेनड्राइव्हवर तुमच्या संग्रहातल्या तीन-चार फायली आणा: एक सगळ्यात जुनी, एक सगळ्यात मोठी, एक फोनवरची, आणि अडखळणारी असेल ती. टीव्हीच्या मागच्या लेबलाचा आणि तिथल्या पोर्टचा फोटो काढून ठेवा. आम्ही तुमच्यासमोर त्या दोन-तीन बॉक्सवर लावून दाखवू; त्याचे पैसे घेत नाही. घरी रिमोट जे चालवणार आहेत त्यांनाही सोबत आणा, बटणं त्यांच्या हाताला जमली पाहिजेत. एप्रिल-मेमध्ये दुपारी १ ते ४ दुकान बंद असतं, तेव्हा संध्याकाळी ऊन उतरल्यावर या.