गर्भपात आणि गर्भलिंग तपासणी: गुन्हा कोणता?

डिचोलीच्या बाजारात शेजारच्या सुनेनं मला बाजूला घेतलं. "वहिनी, पोट पाडलं तर पोलीस धरतात ना?" पाळी चुकून महिना झाला होता, धाकटं जेमतेम दीड वर्षाचं. कोणी सांगितलं, विचारलं, तर म्हणाली, "सोनोग्राफीच्या खोलीत बोर्डच आहे, गुन्हा म्हणून."

बोर्ड आहेच. पण तो गुन्हा आहे पोटात मुलगा की मुलगी हे बघून सांगण्याचा. १९९४चा कायदा त्यासाठी, मुली गर्भातच खुडल्या जाऊ नयेत म्हणून. लिंग सांगणाऱ्या डॉक्टरला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

गर्भपाताचा कायदा वेगळा आणि जुना, १९७१चा. मागितला की मिळाला, असं तो म्हणत नाही. डॉक्टरचं मत लागतं. पण २० आठवड्यांपर्यंत एकाच डॉक्टरचं, आणि गर्भनिरोधक फसलं हे कारणही चालतं. २०२१च्या दुरुस्तीनं तिथला 'नवरा' जाऊन 'जोडीदार' आला, म्हणजे बिनलग्नाच्या मुलीलाही ते लागू. २० ते २४ आठवड्यांत दोन डॉक्टर लागतात आणि कारणं ठरलेली: बलात्कार, अल्पवय, दिवस असताना नवरा वारणं किंवा घटस्फोट, अशी. अविवाहितेला यातून वगळता येणार नाही, हे २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं. पुढे गर्भात गंभीर व्यंग असेल तर, तेही मेडिकल बोर्डाच्या, म्हणजे तज्ज्ञ डॉक्टरांच्या मंडळाच्या, संमतीनं; किंवा बाईचा जीव वाचवायला तातडीनं करावा लागला तर.

आणि सही? अठरा वर्षांवरच्या बाईची स्वतःची. नवऱ्याची नाही, सासूची नाही. तरी "नवऱ्याला घेऊन ये" असं सांगून परत पाठवलेल्या बायका मी पाहिल्यात, आणि संताप येतो. कायद्यात नसलेल्या त्या सहीपायी आठवडे जातात. मग कोणीतरी फार्मसीतून गुपचूप गोळ्या आणतं, आणि रक्तस्राव थांबेना झाला की रात्री गोमेकॉला, गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात, धाव.

नाव फुटेल ही तिची दुसरी भीती. ते गुप्त ठेवणं डॉक्टरवर बंधनकारक आहे, हे तिला ठाऊकच नव्हतं.

वाण्याच्या दुकानातल्या कालनिर्णयवर आम्ही बोट ठेवून मोजलं. ती चार आठवडे धरून बसलेली. पण मोजायचं शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून, म्हणजे आठ झाले. सोमवारी सरकारी इस्पितळात जायचं ठरलं. नवऱ्याला सांगायचं की नाही, ते ती बघणार आहे.